इतिहासनिष्ठ तलवार-प्रतिकृतींची आधुनिक घडण : मध्ययुगीन युरोपीय तलवारींच्या संदर्भात

सारांश

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोप व अमेरिकेत मध्ययुगीन तलवारींच्या इतिहासनिष्ठ प्रतिकृती घडविण्याची एक स्वतंत्र कारागिरी विकसित झाली आहे. पुरातत्त्व, धातुशास्त्र, यामिकी आणि पारंपरिक लोहारकाम यांचा मेळ तिच्यात दिसतो. प्रतिकृतीची सत्यता बाह्य रूपापेक्षा पात्याची जाडी, तोल आणि वस्तुमानाची वाटणी यांच्या परस्परसंबंधात असते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. तसेच मोजलेले, अनुमानलेले आणि आधुनिक सोयीसाठी स्वीकारलेले असे तीन घटक प्रत्येक प्रतिकृतीत असतात व ते उघडपणे नोंदविले गेले पाहिजेत, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : प्रतिकृती, तोलबिंदू, जाडीचा उतार, पाणी देणे, फिरंग.

१. प्रास्ताविक

मध्ययुगीन युरोपीय योद्ध्याची तलवार पाच-सात किलो वजनाची असे व ती पेलण्यास असामान्य बळ लागे, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुसंग्रहालयांतील अस्सल तलवारींची वजने मात्र वेगळेच सांगतात. एका हाताने चालवायच्या बहुतेक मध्ययुगीन तलवारींचे वजन सुमारे १ ते १.४ किलो आहे. दोन्ही हातांनी धरता येणाऱ्या लांब मुठीच्या तलवारी साधारणतः १.२ ते १.८ किलोच्या आहेत. सोळाव्या शतकातील प्रचंड दुहाती तलवारी सोडल्या तर २ किलोंपलीकडे जाणारी शस्त्रे थोडीच. आणि त्या दुहाती तलवारीही, केवळ मिरवणुकीसाठी केलेल्या वगळता, सामान्यतः २ ते ३.५ किलोंच्या आसपास असतात.

ही चुकीची समजूत दृढ होण्यास सदोष प्रतिकृतींचा मोठा हातभार लागला आहे. अस्सल शस्त्र काचेच्या पेटीत असते व ते हाती घेण्याची संधी मोजक्या अभ्यासकांनाच मिळते. सामान्य माणसाच्या हाती येते ती प्रतिकृती. ती बोजड असेल तर त्या काळाचे युद्धतंत्र, सैनिकाची शरीरशक्ती आणि लोहाराचे कौशल्य या तिन्हींविषयी तो चुकीचा निष्कर्ष काढतो. म्हणून प्रतिकृतीची अचूकता ही केवळ हौशी संग्राहकांची बाब राहत नाही. तिचा संबंध इतिहासाच्या आकलनाशी येतो.

प्रस्तुत लेखाचे उद्देश तीन आहेत : (१) प्रतिकृतींचे प्रकार स्पष्ट करणे, (२) इतिहासनिष्ठ प्रतिकृतीच्या घडणीमागील शास्त्र व कारागिरी विशद करणे, (३) अचूकतेच्या मर्यादा आणि त्यातून उद्भवणारे नैतिक प्रश्न मांडणे. विवेचनाचा मुख्य आधार मध्ययुगीन युरोपीय सरळ तलवार हा असून, मराठी प्रदेशाशी तिचा जो प्रत्यक्ष संबंध आहे त्याचा विचार अखेरीस केला आहे.

२. पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात युरोपात मध्ययुगाविषयी रम्य आकर्षण निर्माण झाले. सर वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबऱ्यांनी ते घराघरांत पोहोचविले. १८३९ मध्ये स्कॉटलंडमधील एग्लिंटन येथे तर मध्ययुगीन द्वंद्वक्रीडेचा सोहळाच भरविण्यात आला. वाड्यांच्या भिंती सजविण्यासाठी चिलखते व तलवारी यांना मागणी आली आणि ती पुरविण्यासाठी नव्याने केलेल्या वस्तू बाजारात आल्या. त्यांपैकी काही उघडपणे नक्कल म्हणून विकल्या गेल्या, तर काही अस्सल म्हणून. हे कारागीर मूठ, नक्षी व आकाररेषा यांकडे लक्ष देत. पात्याची जाडी आणि तोल यांचा विचार क्वचितच होई. भिंतीवर टांगायच्या वस्तूला तोलाची गरज नव्हती.

शास्त्रीय अभ्यासाची दिशा विसाव्या शतकात स्पष्ट झाली. १९१९ मध्ये नॉर्वेचे यान पेटरसन यांनी व्हायकिंग तलवारींचे मुठींच्या आकारावरून वर्गीकरण केले. १९२७ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी त्याचे सोपे, सात प्रकारांचे रूप मांडले. हेच व्हीलर पुढे १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे महासंचालक होते. इंग्लंडमधील युअर्ट ओकशॉट (१९१६–२००२) यांनी या मालिकेत आठवा व नववा प्रकार जोडला आणि १९६० पासून दहाव्या ते बाविसाव्या प्रकारांची रचना मांडून ती पुढे सुधारत नेली.

ओकशॉट यांच्या वर्गीकरणाचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी मुठीऐवजी पात्याला मध्यवर्ती स्थान दिले. पाते रुंद व पन्हळीचे आहे की निमुळते व कण्याचे आहे, त्याचा आडवा छेद भिंगाकार आहे की चौकटच्या आकाराचा, मूठ एका हाताची आहे की दोन हातांची, या प्रश्नांवरून प्रकार ठरतो. दहाव्या प्रकारातील रुंद, पन्हळ असलेले पाते मुख्यतः छाटण्यासाठी होते. पंधराव्या प्रकारातील अणकुचीदार, कण्याचे पाते भोसकण्यासाठी होते. पोलादी पत्र्याचे चिलखत रूढ झाल्यावर त्याच्या सांध्यांत टोक घुसविण्याची गरज निर्माण झाली, तिला हे उत्तर होते. म्हणजे आकारामागे कार्य होते. ही जाणीव रुजल्यावरच इतिहासनिष्ठ प्रतिकृतीची कल्पना शक्य झाली. ओकशॉट यांचा संग्रह पुढे अमेरिकेतील मिनियापोलिस येथे त्यांच्याच नावाने स्थापन झालेल्या संस्थेकडे गेला.

याच सुमारास दुसरी एक चळवळ आकार घेत होती. चौदाव्या-पंधराव्या शतकांतील युद्धविद्येच्या हस्तलिखितांवरून जुन्या तलवारबाजीची पुनर्रचना करणारे अभ्यासगट युरोप व अमेरिकेत निर्माण झाले. इटलीतील फिओरे देई लिबेरी यांचा पंधराव्या शतकाच्या आरंभीचा ग्रंथ किंवा जर्मन आचार्य योहानेस लीश्टेनाउअर यांची परंपरा अभ्यासताना एक अडचण येई. ग्रंथात वर्णिलेल्या चपळ हालचाली बोजड नकलांनी करताच येत नसत. त्यामुळे खऱ्या तलवारीप्रमाणे हाताळता येईल अशा प्रतिकृतींची मागणी वाढली.

३. प्रतिकृतींचे प्रकार

‘प्रतिकृती’ हा शब्द व्यवहारात फार सैलपणे वापरला जातो. उद्देशानुसार तिचे पाच प्रकार करता येतात.

(अ) शोभेची प्रतिकृती : बाह्य रूप सांभाळलेले, पाते बहुधा गंजरोधक पोलादाचे. पात्याचे मुठीत जाणारे शेपूट पुष्कळदा बारीक सळईचे व जोडकाम केलेले असते. अशी तलवार जोराने फिरविल्यास जोड तुटून पाते उडण्याचा धोका असतो.

(आ) रंगमंच व चित्रपटांसाठीची प्रतिकृती : हलक्या धातूची किंवा बोथट, सुरक्षितता व दृश्य परिणाम हे तिचे निकष.

(इ) सरावाची प्रतिकृती : धार नसलेली, टोक गोलावलेले, वजन व तोल खऱ्याच्या जवळ ठेवण्याचा प्रयत्न असलेली.

(ई) इतिहासनिष्ठ प्रतिकृती : आकार, वजन, तोल, लवचीकपणा व धार या बाबतींत मूळ शस्त्राशी जुळणारी, मात्र पोलाद व घडणीची साधने आधुनिक.

(उ) प्रायोगिक पुनर्निर्मिती : धातू व प्रक्रियाही शक्य तितकी मूळ काळातील. हिचा हेतू ज्ञानप्राप्ती हा असतो.

यांपैकी कोणताही प्रकार स्वतःमध्ये कमअस्सल नाही. दोष निर्माण होतो तो एका प्रकारची वस्तू दुसऱ्या प्रकारची म्हणून पुढे केल्यावर. प्रस्तुत विवेचन प्रामुख्याने चौथ्या व पाचव्या प्रकारांपुरते मर्यादित आहे.

४. मोजमाप : प्रतिकृतीचा पाया

इतिहासनिष्ठ प्रतिकृतीचे काम वस्तुसंग्रहालयात सुरू होते. छायाचित्रावरून लांबी-रुंदी कळते. जाडी कळत नाही, आणि तलवारीचे सारे रहस्य बहुतांशी जाडीत असते. अस्सल पाते मुठीपाशी सुमारे ४ ते ६ मिलीमीटर जाड असून टोकाकडे पातळ होत जाते. हा जाडीचा उतार सर्व तलवारींत सारखा नसतो. काहींत तो एकसमान असतो, काहींत आरंभी तीव्र व पुढे मंद. म्हणून पात्याच्या ठरावीक अंतरांवर रुंदी व जाडी मोजून तक्ता तयार करावा लागतो. त्याखेरीज एकूण वजन, तोलबिंदू, पन्हळीची खोली आणि मुठीच्या टोकाच्या गोळ्याची मापे घेतली जातात.

जाडीच्या उताराचे महत्त्व एका सोप्या गणिताने स्पष्ट होईल. ८० सेंटीमीटर लांब व सर्वत्र सारख्या रुंदीचे पाते कल्पावे. पहिल्या पात्याची जाडी सर्वत्र ५ मिलीमीटर आहे. दुसऱ्याची जाडी मुठीपाशी ५ मिलीमीटर असून टोकाशी ती समप्रमाणात २.५ मिलीमीटरपर्यंत उतरते. दुसऱ्या पात्याचे वजन पहिल्यापेक्षा २५ टक्के कमी भरते. त्याचा गुरुत्वमध्य मुठीच्या दिशेने सुमारे ४.४ सेंटीमीटर सरकतो. परंतु सर्वांत मोठा फरक पडतो तो जडत्वाघूर्णात, म्हणजे पाते मुठीभोवती फिरविण्यास होणाऱ्या विरोधात. तो ३७.५ टक्क्यांनी घटतो. वरून पाहता दोन्ही पाती हुबेहूब सारखी दिसतात. हातात घेतल्यावर एक तलवार वाटते आणि दुसरी पहार. सपाट पट्टीतून सारख्या जाडीचे पाते कापून काढणे स्वस्त पडते, आणि बाजारातील असंख्य प्रतिकृतींच्या बोजडपणाचे मूळ येथेच आहे.

पन्हळीविषयीही गैरसमज आहे. ती रक्त वाहून जाण्यासाठी असते असे सांगितले जाते. वास्तविक पन्हळीमुळे पात्याच्या मधल्या भागातील धातू कमी होतो व वजन घटते. परंतु ताठपणा त्या प्रमाणात घटत नाही. पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. समान रुंदीच्या पात्याची जाडी निम्मी केली तर ताठपणा एक-अष्टमांश उरतो. यामुळे कोठे किती धातू ठेवायचा व कोठून काढायचा, यावर लोहाराचा कस लागतो.

५. तोल व कंपन

तलवार आडवी करून बोटावर ज्या ठिकाणी स्थिर राहते तो तिचा तोलबिंदू. छाटण्याच्या अनेक तलवारींत तो मुठीच्या आडव्या दांडीपासून साधारण ८ ते १५ सेंटीमीटर पुढे असतो. प्रतिकृतींच्या जाहिरातींत वजन व तोलबिंदू हे दोनच आकडे दिले जातात, पण तेवढ्याने भागत नाही. एका दांडीला दोन वजने मध्याजवळ बांधली आणि तशाच दुसऱ्या दांडीला तीच वजने दोन्ही टोकांना बांधली, तर दोन्ही दांड्यांचे वजन व तोलबिंदू सारखेच राहतात; फिरविताना मात्र दुसरी दांडी फार जड जाते. तलवारीच्या बाबतीतही पाते व गोळा यांच्यात वस्तुमान कसे वाटले आहे, हे निर्णायक ठरते. मुठीच्या टोकाचा गोळा हा पात्याला समतोल राखणारे केवळ ओझे आहे, असे मानून पाते जाड ठेवायचे आणि गोळा वाढवायचा, ही चूक म्हणूनच टाळावी लागते. तोलबिंदू जागेवर येतो, पण तलवार जड व मंद होते.

दुसरी बाब आघातबिंदूची. क्रिकेटच्या बॅटवर विशिष्ट जागी चेंडू लागला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत. तलवारीच्या पात्यावरही अशी जागा असते. तेथे वार बसल्यास मुठीला झटका बसत नाही. याशिवाय वाराने पाते थरथरते, तेव्हा काही ठिकाणे जवळजवळ स्थिर राहतात. त्यांतील एक पात्यावर व एक मुठीच्या भागात असते. चांगल्या तलवारीत मुठीतील स्थिर जागा हाताच्या पकडीखाली येईल अशी रचना साधलेली दिसते. मध्ययुगीन कारागिराला यामागील समीकरणे ठाऊक नव्हती. अनुभवसिद्ध ज्ञानाने त्याने ती साधली. आधुनिक कारागीर मोजणीच्या साहाय्याने त्याच ज्ञानाचा माग घेतो.

या संदर्भात स्वीडनचे तलवारकार पेटर यॉन्सन यांचे कार्य उल्लेखनीय आहे. त्यांनी युरोपातील वस्तुसंग्रहालयांतील अनेक तलवारींची मोजमापे घेतली. १५१२ मध्ये मृत्यू पावलेले स्वीडनचे राज्यपालक स्वान्ते निल्सन यांच्या तलवारीची त्यांनी केलेली पुनर्निर्मिती प्रसिद्ध आहे. मध्ययुगीन तलवारींची प्रमाणे कंपास व पट्टीने साधलेल्या भौमितिक रचनेवर आधारलेली असावीत, असे गृहीतक त्यांनी मांडले. २०१५ मध्ये जर्मनीतील सोलिंगेन येथील पाते-संग्रहालयात ‘तलवार : आकार आणि विचार’ या आशयाचे प्रदर्शन भरले, त्यात या संशोधनाला महत्त्वाचे स्थान होते. गृहीतक सर्वमान्य झाले आहे असे नाही. तथापि प्रतिकृती करणाऱ्याच्या प्रश्नांतून इतिहासाला नवा प्रश्न मिळतो, याचे ते उत्तम उदाहरण आहे.

६. धातू आणि पाणी

मध्ययुगीन लोहाराला मिळणारे लोखंड एकजिनसी नव्हते. लहान भट्टीत निघालेल्या लोखंडाच्या गोळ्यात मळी अडकलेली असे व कार्बनचे प्रमाण जागोजागी बदले. तो गोळा वारंवार तापवून, ठोकून, घड्या घालून शुद्ध केला जाई. महाग पोलाद धारेला आणि मऊ लोखंड गाभ्याला, अशीही योजना आढळते. परिणामी एकाच पात्याचा कठीणपणा वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा असतो.

आधुनिक कारागीर बहुधा कारखान्यात तयार झालेले एकजिनसी पोलाद वापरतो. सुमारे ०.६ टक्के कार्बन व थोडे क्रोमियम असलेले ‘५१६०’ क्रमांकाचे स्प्रिंगचे पोलाद, किंवा सुमारे ०.५ टक्के कार्बन, क्रोमियम व व्हॅनेडियम असलेले ‘६१५०’ क्रमांकाचे पोलाद यांसाठी पसंत केले जाते. पाते साधारण ८०० ते ८७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडविले जाते. मराठीत या क्रियेला ‘पाणी देणे’ म्हणतात. पाणी दिलेले पोलाद कठीण पण ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा कमी तापमानाला तापवून ठिसूळपणा घालविला जातो. या दुसऱ्या क्रियेवर पात्याची चिवट लवचीकता अवलंबून असते. गंजरोधक पोलादात क्रोमियमचे प्रमाण सुमारे १०.५ टक्क्यांहून अधिक असते. ते चाकूसारख्या आखूड पात्याला चालते; लांब पात्यात ते आघाताने मोडण्याची भीती असते. शोभेच्या तलवारी वापरासाठी का नसतात, याचे हे दुसरे कारण.

येथे एक विरोधाभास उभा राहतो. आधुनिक पोलादाचे पाते मूळ पात्यापेक्षा अधिक एकसारखे व भरवशाचे असते. प्रतिकृती मापांनी अचूक झाली तरी धातूच्या बाबतीत ती मूळ शस्त्राहून सरस असते. वाकणे, धार बोथट होणे, तुटणे यांविषयी अशा प्रतिकृतीवर केलेल्या चाचण्यांवरून मूळ शस्त्राविषयी निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

ही उणीव पाचव्या प्रकारची, म्हणजे प्रायोगिक पुनर्निर्मिती भरून काढते. इंग्लंडमधील सफक परगण्यात सटन हू येथे १९३९ मध्ये सापडलेल्या नौका-दफनातील तलवार गंजून म्यानाशी एकजीव झाली होती. क्ष-किरण परीक्षणातून तिचे पाते पिळलेल्या व सरळ लोखंडी सळयांच्या जुड्या एकत्र सांधून केले असल्याचे दिसले. अमेरिकन लोहार स्कॉट लँक्टन यांनी त्याच पद्धतीने ब्रिटिश म्युझियमसाठी प्रतिकृती घडविली. गंजाखाली दडलेले नागमोडी नक्षीचे तेजस्वी पाते प्रेक्षकांना त्या प्रतिकृतीमुळेच पाहता आले.

भारताशी निगडित उदाहरण वूट्झ पोलादाचे आहे. दक्षिण भारतात मुशीत तयार होणाऱ्या या पोलादाची पाण्यासारखी लहर दिसणारी पाती जगप्रसिद्ध होती. पुढे ती विद्या लोप पावली. १९९० च्या दशकात धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हेन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी संयुक्तपणे तशी पाती पुन्हा घडविली. त्यातून असे दिसले की, व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचे अत्यल्प अंश लहरीदार नक्षी घडविण्यात महत्त्वाचे ठरतात. विशिष्ट खाणींतील खनिज संपल्यावर तीच कृती करूनही तसे पाते का निघाले नसेल, याचे एक संभाव्य स्पष्टीकरण त्यामुळे मिळाले. केवळ प्रयोगशाळेला किंवा केवळ ऐरणीला हे साधले नसते.

७. घडणीची साधने : हात आणि यंत्र

पाते दोन प्रकारे तयार होते. पहिल्यात तापलेले पोलाद घणाने ठोकून आकार देतात. दुसऱ्यात पट्टीतून नको असलेला धातू घासून काढतात. काही कार्यशाळांत दुसऱ्या पद्धतीला संगणक-नियंत्रित यंत्राची जोड मिळाली आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात न्यू ग्लॅरस येथील आल्बियन कार्यशाळा यासाठी ओळखली जाते. तेथे यॉन्सन यांच्या मापांवरून यंत्राने पात्याचा प्राथमिक आकार काढला जातो आणि पाणी दिल्यानंतर अंतिम आकार हाताने घासून साधला जातो. आडवी दांडी व गोळा मेणाच्या साच्यावरून ओततात. भारतीय मूर्तिकारांना परिचित असलेल्या मधुच्छिष्ट पद्धतीचेच हे आधुनिक रूप होय. पात्याचे शेपूट गोळ्यातून आरपार नेऊन त्याचे टोक तापवून ठोकून बसविले जाते. मध्ययुगीन जोडणी हीच होती; स्वस्त प्रतिकृतींत तिच्या जागी आट्यांचा नट येतो.

यंत्राने केलेली तलवार इतिहासनिष्ठ म्हणावी काय, असा आक्षेप घेतला जातो. मध्ययुगातही एकच माणूस संपूर्ण तलवार करीत नसे. पाते घडविणारा, त्याला धार व झिलई देणारा, मूठ बसविणारा आणि म्यान करणारा असे वेगवेगळे कारागीर असत. पाण्याच्या चाकावर फिरणारे सहाणदगड वापरात होते. आपल्याकडेही लोहाराहून शिकलगाराचे काम वेगळे होते. त्यामुळे ‘सर्व काही हाताने’ हा निकष इतिहासाला धरून नाही. यंत्र कोठे वापरले आणि निर्णायक तपासणी कोणी केली, हे सांगितले म्हणजे पुरे.

मूठ व म्यान यांना दुय्यम मानले जाते, पण लाकडी गाभा, त्यावर दोऱ्याचे वेढे व ताणून बसविलेले कातडे यांमुळे पकड ठरते. म्यान पातळ लाकडाचे असून वरून कातडे चढविलेले असे. मूळ तलवारींचे हे भाग बहुधा कुजून गेलेले असल्याने कारागिराला शिल्पे, चित्रे व तुरळक अवशेष यांवर विसंबावे लागते.

भारताचाही या व्यवसायात वाटा आहे. डेहराडून येथे १९४३ मध्ये सुरू झालेली विंडलास ही संस्था गुरखा पलटणींच्या खुकऱ्यांपासून पुढे वाढली व युरोपीय तलवारींच्या प्रतिकृती निर्यात करू लागली. सर्वांना परवडणारी प्रतिकृती आणि अभ्यासकाची प्रतिकृती यांच्यात किमतीचे मोठे अंतर असते, आणि हे अंतर मुख्यतः मोजमाप व हाताने घासण्याच्या तासांचे असते.

८. अचूकतेच्या मर्यादा आणि प्रामाणिकपणा

मूळ तलवार आज जशी आहे तशी ती कारागिराच्या हातून निघाली नव्हती. शतकानुशतके तिला धार लावली गेली, गंजाने तिचा काही भाग खाल्ला, संग्राहकांनी ती घासून लख्ख केली. नदीच्या गाळात प्राणवायूच्या अभावी काही तलवारी उत्तम टिकल्या, पण त्यांच्या मुठीचे लाकूड व कातडे गेले. आजचे वजन घ्यायचे की गंजात गेलेला धातू अंदाजाने मिळवायचा? कडा जशा आहेत तशा ठेवायच्या की मूळ धार कल्पायची? प्रत्येक उत्तर हे अर्थनिर्णयन असते. म्हणून ‘हुबेहूब प्रतिकृती’ हा शब्दप्रयोग काटेकोरपणे खरा नसतो. प्रतिकृतीसोबत एक निवेदन असावे : कोणती मापे प्रत्यक्ष घेतली, कोणती अनुमानाने भरली आणि कोणते बदल आधुनिक सोयीसाठी केले.

दुसरा प्रश्न बनावटीचा. प्रतिकृती जितकी अचूक तितकी ती अस्सल म्हणून खपविणे सोपे. हा प्रकार नवा नाही. नवव्या ते अकराव्या शतकांदरम्यानच्या सुमारे १७० तलवारींवर ‘उल्फबेर्ट’ हे नाव आढळते. धातुशास्त्रज्ञ अ‍ॅलन विल्यम्स यांच्या परीक्षणात त्यांपैकी काही उच्च कार्बनच्या उत्कृष्ट पोलादाच्या, तर काही सामान्य लोखंडाच्या निघाल्या. निकृष्ट पात्यांवर नावातील क्रूसचिन्हांची जागाही बदललेली असल्याचे त्यांनी दाखविले. नामांकित मुद्रेची नक्कल हजार वर्षांपूर्वीही होत असावी, असे त्यावरून दिसते. आजच्या कारागिराने स्वतःची मुद्रा व वर्ष पात्यावर, शक्यतो मुठीत झाकल्या जाणाऱ्या शेपटावरही, कायमचे कोरणे हा यावरील साधा उपाय आहे. कृत्रिम गंज चढवून ‘जुनेपणा’ आणलेल्या प्रतिकृतीच्या बाबतीत तर तो अनिवार्य मानावा.

तिसरा प्रश्न कायद्याचा. धार असलेली प्रतिकृती हे शस्त्रच असते. भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम व त्याखालील नियम ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या तलवारींसारख्या शस्त्रांचे नियमन करतात. ब्रिटनने २००८ मध्ये ५० सेंटीमीटर वा त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर बंदी घातली. मात्र पारंपरिक पद्धतीने हाताने घडविलेल्या तलवारींना सूट दिली. घडणीची पद्धत हा येथे कायदेशीर निकष झाला, ही बाब लक्षणीय आहे.

९. मराठी प्रदेशाशी संबंध : फिरंग

युरोपीय सरळ तलवारीचा मराठी इतिहासाशी थेट संबंध ‘फिरंग’ या शस्त्राद्वारे येतो. पोर्तुगीज व इतर युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत आलेली पाती येथील मुठींत बसविली जात. त्यांवर कधी युरोपीय कार्यशाळांच्या मुद्रा आढळतात. आणि त्या मुद्रांच्या नकला असलेली एतद्देशीय पातीही मिळतात. म्हणजे फिरंग हे दोन कारागिरींच्या संयोगाने झालेले शस्त्र आहे. वरील मोजमाप-पद्धती तिच्या पात्याला जशीच्या तशी लागू पडते. मूठ मात्र वेगळा विचार मागते. पंजाला वेढणारी जड मूठ तोलबिंदू मागे खेचते व हाताची हालचाल मर्यादित करते. त्याच पात्याचा वापर त्यामुळे बदलतो.

हीच दृष्टी पट्ट्यालाही लावता येईल. पट्ट्याचे लांब पाते लवते, पण ते किती व कोठे लवावे हे जाडीच्या उतारावर ठरते. सारख्या जाडीच्या पत्र्यातून कापलेला पट्टा मर्दानी खेळात चमकदार दिसेल. परंतु त्यावरून मूळ शस्त्राच्या वाराची कल्पना येणार नाही. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, कोल्हापूरचा नवीन राजवाडा येथे शस्त्रसंग्रह आहेत. त्यांतील निवडक शस्त्रांची वजन, तोलबिंदू व जाडीच्या तक्त्यासह वर्णने मराठीत प्रसिद्ध झाल्यास येथील कारागिरांना भक्कम आधार मिळेल.

१०. निष्कर्ष

१. तलवारीच्या प्रतिकृतीची सत्यता आकाररेषेपेक्षा जाडीचा उतार, वस्तुमानाची वाटणी व तोल यांच्या संबंधात असते.

२. सदोष प्रतिकृती केवळ वाईट वस्तू नसते. ती भूतकाळाविषयी चुकीचे ज्ञान पसरविते.

३. आधुनिक पोलाद व यंत्रे यांचा वापर इतिहासनिष्ठेच्या आड येत नाही; तो लपविणे आड येते. धातूविषयीच्या प्रश्नांसाठी मात्र प्रायोगिक पुनर्निर्मितीच आवश्यक ठरते.

४. मोजलेले, अनुमानलेले व सोयीसाठी बदललेले यांची नोंद आणि कारागिराची कायम मुद्रा ही इतिहासनिष्ठ प्रतिकृतीची अंगे मानली पाहिजेत.

५. फिरंग, धोप व पट्टा यांच्या प्रतिकृतींसाठी मोजमापांचे प्रकाशन ही पहिली पायरी होय. घणाचा पहिला घाव त्यानंतर पडावा.